वाट्याला साडेएकवीस फूट

आमच्या फाटकाला बाहेरून तीन पायऱ्या होत्या. १९७४ साली सासऱ्यांनी पुण्याच्या पश्चिम अंगाला, जिथे तेव्हा ज्वारीची शेतं होती, तिथे बंगला बांधला आणि फाटक रस्त्यापासून चांगलं दीड फूट उंच घेतलं. पानशेतचा पूर होऊन तेरा वर्षं झाली होती आणि पुण्यात घर बांधणारा माणूस अजूनही जोत्याची उंची मनातल्या पाण्याला विचारून ठरवत होता. मी १९९१ मध्ये लग्न होऊन आले तेव्हा त्या तीन पायऱ्या चढूनच. लग्नाच्या अल्बममध्ये तिन्ही दिसतात. मागच्या वर्षापर्यंत त्यातली एक शिल्लक होती.

बाकीच्या दोन कुणी फोडल्या नाहीत. घरही खचलं नाही. रस्ता वर आला. १९९७, २००२, २००७, २०१२, २०१७. निवडणूक जवळ आली की कुणीतरी माननीय हात जोडून यायचे, त्यांच्या मागून डांबराची पिंपं, त्यांच्या मागून रोलर. नवा थर टाकण्याआधी जुना खरवडून काढावा लागतो, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. किंवा खरवडलेला रस्ता फोटोत चांगला दिसत नाही, हे कुणीतरी सांगितलं असावं. झाडाचं वय खोडातल्या वर्तुळांवरून काढतात. आमच्या रस्त्याचं वय मतदानांवरून काढता येत होतं.

मग मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आले आणि निवडणूक लांबत गेली. प्रशासकाला मत लागत नाही. त्यामुळे आमचा रस्ता २०१७ वरच थांबला. हळूहळू त्याला भोकं पडली आणि भोकांतून २०१२ दिसू लागलं.

चौकशी केली तेव्हा कळलं, की रस्ता मुळात आमचाच. मंजूर नकाशात तो सोसायटीचा अंतर्गत रस्ता आहे आणि आम्ही तो कधी कुणाकडे सोपवलेलाच नाही. पन्नास वर्षं ज्याच्या मालकाला तोंडभरून शिव्या दिल्या, तो मालक आपणच निघालो म्हटल्यावर दोन-तीन दिवस कॉलनीत फार शांतता होती.

कॉलनी म्हणजे अठ्ठावीस बंगले. मधून सहाशे फूट लांब, अठरा फूट रुंद रस्ता. एका टोकाला मोठा रस्ता, दुसऱ्या टोकाला भिंत. आमच्याकडे माणसांना बंगल्याच्या नावाने ओळखतात. ‘श्रमसाफल्य पडलं’ असं कुणी म्हणालं तर इमारतीला काही झालेलं नसतं, काका न्हाणीघरात घसरलेले असतात. तर हे ‘श्रमसाफल्य’ मोठ्या रस्त्याला लागून, पहिलं. भिंतीशी शेवटचं ‘विसावा’. ‘कृतार्थ’ म्हणजे आमचे चेअरमन, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. ‘मधुबन’ म्हणजे इतिहासाच्या निवृत्त प्राध्यापिका आणि त्यांचं बुचाचं प्रचंड झाड. आणि मी सेक्रेटरी. निवडून वगैरे आले नाही, माझं अक्षर चांगलं आहे. इतिवृत्ताची वही एकदा ज्याच्या घरी गेली, की सेक्रेटरीपद तिच्या पाठोपाठ जातं.

आमच्या सभांविषयी एक सांगायला हवं. उपविधीप्रमाणे गणपूर्तीला दोन तृतीयांश सभासद किंवा वीस, यांत जे कमी ते लागतात. आमच्यासाठी एकोणीस. एकोणीस माणसं वेळेवर जमल्याची इतिवृत्तात नोंद नाही. म्हणून नोटिशीच्या तळाशी नेहमीचं वाक्य असतं, की गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने होईल व तिला गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. विषयपत्रिका कुणी वाचत नाही, हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे. सहाच्या सभेला सहा वाजता मी आणि सतरंजी एवढेच असतो.

रस्त्याच्या सभेला मात्र सहाच्या ठोक्याला सव्वीस सभासद हजर. नोटिशीत खर्चाचा आकडा छापल्याचा परिणाम. पण सहाला सभा सुरू करायची कुणाला सवय नसल्यामुळे आम्ही साडेसहापर्यंत तसेच बसून राहिलो.

त्याआधी होडीचा प्रसंग झाला होता. चेअरमनांचं म्हणणं, रस्ता हा मुळात रस्त्याचा विषयच नाही, पाण्याचा आहे. डांबराला चाक मारत नाही, पाणी मारतं. साचलेलं पाणी खडीच्या खाली शिरलं की डांबर तिला सोडून देतं, मग वरून दुधाची सायकल गेली तरी खड्डा पडतो. तेव्हा आधी ढाळ कुठे आहे ते शोधा, मग पैशांचं बोला. मे महिन्यात वळवाची मोठी सर आली तसे ते छत्री घेऊन बाहेर पडले, ‘विसावा’च्या भिंतीशी गेले आणि त्यांनी पाण्यात कागदाची होडी सोडली. होडी एका कंत्राटदाराच्या कोटेशनची होती. जाड कागद होता.

पाच मिनिटांत सगळी कॉलनी छत्र्या घेऊन होडीमागे चालत होती. होडीने ‘विसावा’ सोडलं, ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण रस्त्याच्या वर आलेलं आहे त्याला वळसा घातला आणि ‘मधुबन’समोरच्या खड्ड्यात जाऊन ती गोल फिरू लागली. चेअरमनांनी तिला छत्रीच्या टोकाने पुढे ढकललं. ‘हे चालतं का?’ असं ‘श्रमसाफल्य’च्या काकांनी लगेच विचारलं. मग ती रस्त्याच्या मधोमध वाहायची सोडून तिरकी डावीकडे निघाली, आमच्या फाटकाशी आली आणि उरलेल्या एकुलत्या पायरीला टेकून उभी राहिली. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. पुण्याचं सगळं पाणी मीच मागवून घेतलंय असा तो बघण्याचा भाव होता.

तीन कोटेशनं आली. पहिला म्हणाला, वरच्या वर दोन इंच डांबर, पाच लाख चाळीस हजार, चार दिवसांत काम आणि ‘ताई, मखमल’. दुसरा पेव्हिंग ब्लॉकवाला. हा पिशवीत नमुने घेऊन आला आणि माझ्या टीपॉयवर त्याने ऐंशी मिलिमीटरचा ब्लॉक ठेवला. टीपॉयच्या काचेवर त्याची खूण अजून आहे. त्याचा मुद्दा खरं तर शहाणपणाचा होता: उद्या केबल टाकायची झाली तर ब्लॉक उचला, केबल घाला, ब्लॉक परत बसवा. पण ‘कृतार्थ’च्या काकूंनी त्याला एकच प्रश्न विचारला, की आमच्या घरच्या माणसांनी एकदा उचललेली वस्तू परत जागेवर ठेवलेली तुम्ही पाहिली आहे का. ब्लॉक तिथेच मागे पडले. तिसरा ट्रिमिक्स काँक्रीटचा. जुने थर खोदून काढायचे, खाली मुरूम-खडीचा पाया दाबायचा, वर सहा इंच काँक्रीट. पंधरा लाख बारा हजार. आणि खोदलंच आहे तर खालची ड्रेनेजलाइन बदला, तिचे पाच लाख अठ्ठ्याऐंशी हजार. ती लाइन १९७४ च्या चिनी मातीच्या नळांची. ‘मधुबन’च्या बुचाची मुळं तिच्या सांध्यांतून आत शिरलेली आणि पाणी तुंबायचं ते तिसऱ्याच बंगल्यात. झाड तोडण्याचा विषय कुणी काढण्याआधीच ‘मधुबन’च्या काकूंनी १९७५ च्या झाडांच्या कायद्याची प्रत सगळ्यांना वाटली. झाड फुलतं तेव्हा आम्ही सगळेच त्याच्याखालून हळू चालतो, त्यामुळे तो विषय तसाही कुणी काढणार नव्हतं.

काँक्रीटचं नाव निघताच तीन जण एकदम म्हणाले, ‘जंगली महाराज रस्ता!’ पुण्यात रस्त्याची कुठलीही चर्चा पाच मिनिटांत तिथे पोहोचते. सत्तरच्या दशकात मुंबईच्या रेकॉन्डो नावाच्या कंपनीच्या दोन पारशी भावांनी तो रस्ता दहा वर्षांच्या हमीवर केला आणि पुढे कित्येक दशकं त्याला खड्डा पडला नाही. बरं, तो रस्ता काँक्रीटचा नाही, डांबराचा आहे. म्हणजे उदाहरण आमच्या पहिल्या कंत्राटदाराच्या बाजूचं होतं. हे मी बोलले नाही. सेक्रेटरीने निःपक्षपाती असावं आणि मी होतेच. फक्त ‘वरच्या वर दोन इंच’ हे शब्द ऐकले की मला ती शेवटची पायरी दिसायची आणि माझा हात आपोआप काँक्रीटच्या बाजूने वर जायचा.

एकूण एकवीस लाख. अठ्ठावीसांनी भागलं की घरटी पंच्याहत्तर हजार. इतका सोपा भागाकार असूनही सभा सव्वादहापर्यंत चालली.

‘श्रमसाफल्य’चे काका उभे राहिले. ‘माझं फाटक मोठ्या रस्त्याला लागून. मी गाडी काढली की बाहेर. पुढचा रस्ता मी दहा वर्षांत बघितलेला नाही. ज्याच्या फाटकापर्यंत जितका रस्ता, तितके त्याने पैसे द्यावेत.’

यावर ‘विसावा’ शांतपणे म्हणाले, ‘मला मान्य आहे. मी सहाशे फुटांचे देतो. मग सहाशे फुटांवर हक्कही माझा. तुमची गाडी फाटकाबाहेर उभी असते, ती माझ्या हिश्शात. उद्यापासून आत घ्या.’

काका बसले. ते बसताहेत तोवर दुसऱ्या कुणीतरी उपविधी काढले होते. पाण्याचा खर्च नळांच्या संख्येवर वाटतात ना? मग रस्त्याचा चाकांच्या संख्येवर वाटा. ही कल्पना पहिल्यांदा सगळ्यांनाच आवडली, कारण प्रत्येकाच्या शेजाऱ्याकडे त्याच्यापेक्षा जास्त चाकं होती. मग मोजणी सुरू झाली. स्टेपनी धरायची का? ती जमिनीला टेकत नाही. नातवाची तीनचाकी? ती रस्त्यावर कमी आणि माझ्या पायावर जास्त फिरते, असं तिचे आजोबा म्हणाले. आजींच्या वॉकरला पुढे दोन चाकं आणि मागे रबरी बुटं, तर तो दुचाकीत की पादचाऱ्यांत? मी वहीत चाकांचा तक्ता आखला, एकशे सोळापर्यंत पोहोचले आणि तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की सगळ्यात जास्त चाकं दूधवाला, कचरागाडी आणि आपण मागवलेलं ऑनलाइन सामान आणणारी मुलं यांची आहेत. तक्ता वहीत तसाच आहे. मागे ‘मुद्दा सोडून देण्यात आला’ असं लिहिलं आहे.

एका बंगल्याचा मुलगा न्यू जर्सीहून फोनवर बसला होता. तिथे सकाळ, हातात कॉफीचा मग. सर्वसाधारण सभेत प्रॉक्सी चालत नाही, त्यामुळे त्याला मत नव्हतं, मतं होती. ‘इकडे असं सगळं सिटी करते,’ तो म्हणाला. त्याच्या आईने फोन पालथा ठेवला. नंतर बराच वेळ सतरंजीतून बारीक आवाज येत होता.

आणखी एकांचं म्हणणं असं, की बंगला पाडून इमारत करायची आहे, विटा-वाळूचे ट्रक येतील, रस्त्याची वाट लागेल, तेव्हा आधी बांधकाम होऊ द्या. मुद्दा बिनतोड होता. चेअरमनांनी विचारलं, ‘कधी पाडताय?’ ते म्हणाले, ‘चौघा भावांचं एकमत झालं की.’ पुढचा मुद्दा घ्यायला चेअरमनांनी मला खूण केली.

काका मात्र पुन्हा उठले. ‘तरी मला सांगा, वीस फूट रस्त्यासाठी मी पंच्याहत्तर हजार का द्यायचे?’

इथे माझ्या हातून एक गोष्ट घडली. मी हिशेब तपासत होते, काही ठरवून केलं नाही. सहाशेला अठ्ठावीसने भागलं आणि मोठ्याने वाचलं: ‘काका, तुमच्या पंच्याहत्तर हजारांत येतो साधारण साडेएकवीस फूट रस्ता.’

सभा गप्प झाली. मग कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, ‘टेप आणा.’

टेप आली. रात्रीचे साडेनऊ वाजले होते. मोबाइलच्या उजेडात मोठ्या रस्त्याच्या कडेपासून ‘श्रमसाफल्य’च्या फाटकापर्यंतचं अंतर मोजलं. टेपचं एक टोक काकांनी स्वतः धरलं होतं, म्हणजे फसवणुकीला जागा नव्हती. चौतीस फूट भरलं.

‘म्हणजे साडेबारा फूट तुम्ही फुकट वापरता,’ ‘विसावा’ म्हणाले. ज्यांचा हिशेब साडेएकवीस फूट देऊन सहाशे फूट वापरण्याचा होता, त्यांनी हे म्हणायचं धाडस करावं, याचं मला आजही कौतुक वाटतं. पण काकांना तो साडेबारा फुटांचा आकडा लागला. ते आयुष्यभर हिशेबतपासनीस होते. फुकटाचा आरोप त्यांना सहन होईना. ‘समान करा,’ ते म्हणाले. ‘तीन हप्त्यांत.’

मी इतिवृत्तात लिहिलं: ‘खर्चाच्या विभागणीबाबत सविस्तर चर्चा होऊन समान वाटणीचा ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला.’ आपल्याकडचा इतिहास असाच लिहिला गेला असेल अशी मला दाट शंका आहे.

दुसरी सभा रिकाम्या पाइपांची. चेअरमनांचा आग्रह होता, की काँक्रीट पडण्याआधी रस्त्याच्या एका कडेने पाइप पुरायचे आणि दर बंगल्यासमोर आडवा एक चार इंची फाटा द्यायचा. आत काही नाही. उद्या गॅस, परवा फायबर, आणखी काही, जे येईल ते त्यातून ओवायचं. काँक्रीटला पुन्हा हात लावायचा नाही. खर्च फार नव्हता, पण रिकाम्या वस्तूचे पैसे द्यायचे ही कल्पनाच लोकांच्या घशाखाली उतरेना. ‘आत काय आहे?’ ‘काही नाही.’ ‘मग पैसे कशाचे?’ हा संवाद चार वेळा झाला.

तेव्हा ‘मधुबन’च्या काकू बोलल्या. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून पाणी आणलं. पंप नाही, काही नाही, नुसत्या ढाळावर. आणि त्या दगडी नळावर जागोजागी उच्छ्वास बांधले. हवा बाहेर जायला, आणि गाळ काढायला माणूस आत उतरेल इतके. म्हणजे पुढे आत बघावं लागणार, हे बांधतानाच त्यांनी धरलं होतं. ‘अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसाला जे सुचलं ते तुम्हाला सुचू नये?’

‘त्यांनी कोटेशनं किती मागवली होती?’ काकांनी विचारलं.

काकूंनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यावर पाइप मंजूर झाले.

डिसेंबरात जेसीबी आला. पहिल्या दिवशी रस्ता उभा कापला गेला आणि खड्ड्याच्या भिंतीत सगळे थर केकसारखे दिसू लागले. चेअरमन कडेला उभे राहून काठीने दाखवू लागले: हा २०१७. हा २०१२, जाड आहे, त्या वर्षी चुरस असणार. हा २००७, नुसती पावडर. हा २००२. हा १९९७. त्याखाली खडी, तिच्याखाली सासऱ्यांच्या वेळचा मुरूम आणि मुरमाखाली काळी माती, ज्वारीची. माणसं मुलांना घेऊन बघायला येत होती.

मग चोपन्न ब्रास काँक्रीट. पंचवीस-सव्वीस गाड्या. त्याचा आवाज, त्याची धूळ, आणि महिनाभर सगळ्यांच्या मोटारी मोठ्या रस्त्यावर. यावर एक वेगळा लेख होईल, तो मी लिहिणार नाही. पाणी मारण्याचं मात्र सांगितलं पाहिजे. काँक्रीटची पूर्ण ताकद अठ्ठावीस दिवसांनी धरतात. बंगलेही अठ्ठावीस. नियतीनेच वाटणी करून दिली होती: रोज एका घराने पाणी मारायचं. मुरमाचे छोटे बांध घालून आत पाणी भरलं होतं. सकाळच्या उन्हात आमची कॉलनी मुळशीतल्या भातखाचरासारखी दिसायची, बगळे तेवढे यायचे बाकी होते.

पाळ्यांचा तक्ता मी सुंदर अक्षरात लिहून लावला. तो तिसऱ्या दिवशी निरुपयोगी झाला. तिसऱ्या दिवशी ‘श्रमसाफल्य’च्या काकांना दिसलं, की आठव्या बंगल्यासमोरचा वाफा कोरडा पडलाय. त्यानंतर पंचवीस दिवस, सकाळी साडेसहा आणि संध्याकाळी पाच, काका हाफ पँट घालून, खांद्यावर नळी टाकून कडेकडेने ‘विसावा’च्या भिंतीपर्यंत जात होते. दहा वर्षांत न बघितलेला रस्ता त्यांनी इंचइंच बघितला. ‘विसावा’च्या दारात बकुळ आहे, हा शोध त्यांना तेव्हा लागला आणि हे आपल्याला आजवर कुणी का सांगितलं नाही, अशी त्यांनी माझ्याकडे तक्रार केली. एक दिवस मी म्हटलं, ‘काका, तुमचा वाटा साडेएकवीस फूट.’ ते म्हणाले, ‘मधले साडेएकवीस फूट चांगले व्हावेत म्हणून दोन्ही बाजूंचे सांभाळावे लागतात. तुम्हा लोकांना समजायचं नाही.’ आणि नळी ओढत पुढे गेले.

काँक्रीट पडण्याआधी आमच्या फाटकासमोरचं खोदकाम गवंड्याने हाताने केलं होतं, पायरीला धक्का नको म्हणून. दुपारी त्याने हाक मारली. ‘ताई, हिच्याखाली अजून एक हाय.’

मी गेले. डांबर पुसून काढल्यावर दुसरी पायरी दिसत होती. शहाबादी, कडेला एक टवका उडालेला. तो टवका अल्बममध्येही आहे, माझ्या शालूच्या पदराशेजारी. तिसरीही खाली असणार, पण नवा रस्ता तिच्यावरूनच जाणार होता. एक परत मिळाली, एवढ्यावरच मी चेअरमनांना पेढे नेऊन दिले. ते म्हणाले, पायरीचं ठीक आहे, ढाळ कसा वाटला?

रस्ता खुला झाला त्या दिवशी सासूबाई माझा हात धरून देवळात जाऊन आल्या. वय चौऱ्याऐंशी. जाताना उतरण्याच्या नादात त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. येताना फाटकाशी पाऊल टाकलं, चढल्या आणि पुढचं पाऊल टाकायला गेल्या तर समोर आणखी एक. थांबल्या. खाली वाकून बघितलं.

‘ही कुठली?’

‘आपलीच. मामंजींनी बसवलेली. दुसरी.’

त्यांनी पायाने पायरी चाचपली. ओळख पटल्यासारखं वाटलं. मग माझ्या हाताचा आधार घट्ट करत त्या म्हणाल्या, ‘अगं, पंच्याहत्तर हजार भरून मला एक पायरी वाढवून आणलीत होय?’